विश्लेषण : लाखाचा स्पीकर आणि दहा बाय पंधराचा हॉल... महागडी जोडी निवडायची कशी?

भविष्य निर्वाह निधीचे पैसे हाती आले, मुलांची शिक्षणे उरकली, की अनेक रसिक वर्षानुवर्षे मनात दडवलेली एक इच्छा बाहेर काढतात. घरी एकदा तरी खरीखुरी चांगली ऑडिओ सिस्टीम हवी. मग दुकानाची फेरी होते. गालिचा अंथरलेल्या, भिंतींना पॅड लावलेल्या वातानुकूलित खोलीत स्पीकरच्या तीन जोड्या मांडलेल्या असतात. पहिली लाखाच्या घरातली, दुसरी तिच्या दुप्पट, तिसरीची किंमत विक्रेता हळू आवाजात सांगतो. तो स्वतःच्या आवडीची एक चकचकीत रेकॉर्ड लावतो, झांजांचा किणकिणाट कानाशी नाचतो आणि व्यवहार ठरतो. पंधरा दिवसांनी घरच्या हॉलमध्ये तोच स्पीकर डग्ग्याच्या प्रत्येक घिश्श्याला ढमढमतो, तानपुरा मात्र कुठे तरी हरवलेला असतो. पैसे परत मिळत नाहीत. स्पीकर खराब नसतो, दुकानदारानेही फसवलेले नसते. मग बिघडले कुठे?

दुकानात छान वाटलेला स्पीकर घरी का बिघडतो?

कारण माणूस एकटा स्पीकर ऐकत नाही. तो स्पीकर आणि खोली मिळून ऐकतो आणि खालच्या सुरांत खोलीचा वाटा मोठा असतो. मुंबई-ठाण्यातल्या किंवा पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचा हॉल बऱ्याचदा दहा बाय पंधरा फुटांच्या आसपास असतो, उंची साडेनऊ फूट. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी नेमकी मावते, तो ध्वनी त्या खोलीत फुगतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर पंधरा फुटांच्या बाजूला ही वारंवारता सुमारे ३७ हर्ट्झ येते, दहा फुटांच्या बाजूला ५६ आणि उंचीच्या दिशेने ५९. शेवटचे दोन आकडे एकमेकांना इतके चिकटलेले आहेत, की या हॉलमध्ये ५५ ते ६० हर्ट्झचा पट्टा दुप्पट जोराने घुमणार हे स्पीकर कोणता हे न विचारताही सांगता येते. बेस गिटारच्या मोकळ्या 'ए' तारेचा सूर ५५ हर्ट्झचा असतो. डग्ग्याचा घुमाराही याच्या आसपास वावरतो.

त्यात आपल्याकडे सोफा हमखास भिंतीला टेकवलेला असतो. खर्जाचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो, म्हणजे ऐकणारा स्वतःहून सगळ्यात घुमणाऱ्या जागी जाऊन बसतो. सोफा दीड-दोन फूट पुढे ओढला तरी जो फरक पडतो, तो अनेकदा लाखभर रुपये जास्त मोजूनही पडत नाही. हॉलच्या बरोबर मध्यभागी बसू नये हेही खरे, कारण तिथे हेच सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

दुसरी गंमत स्पीकरच्या मागच्या भिंतीची. खालचे सूर स्पीकरमधून फक्त पुढे जात नाहीत, ते सर्व बाजूंना पसरतात. मागच्या भिंतीवरून परतलेली लाट पुढे जाणाऱ्या लाटेला एका ठरावीक वारंवारतेला उलटी येऊन मिळते आणि तिथे आवाजात खड्डा पडतो. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून दोन फुटांवर असेल, तर हा खड्डा साधारण १४० हर्ट्झला पडतो. काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा 'सा' तेवढा पातळ लागायचा आणि दोष मात्र कधी स्पीकरला, कधी रेकॉर्डिंगला मिळायचा. स्पीकर चार फुटांवर आणला की खड्डा ७० हर्ट्झच्या आसपास उतरतो. भिंतीला अगदी लगत नेला तर तो वर सरकतो आणि त्याचा त्रासही कमी होतो, पण मग खर्ज फुगतो. चार फूट जागा सोडणे ज्या घरात शक्य नाही, तिथे भिंतीलगत वापरण्याच्या हिशेबानेच तयार केलेला स्पीकर शोधावा लागतो. पाठीमागे हवेचे भोक असलेला मोठा, उभा स्पीकर अशा घरात आणणे म्हणजे पाहुण्याला बोलावून दारातच उभे करणे.

या खोलीत साधारण २५० हर्ट्झच्या खाली खोलीची सत्ता चालते, वर स्पीकरची. ही सीमारेषा ध्यानात ठेवली की पुढचे अर्धे प्रश्न सुटतात. वरच्या सुरांसाठी पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेले कपाट, गुबगुबीत सोफा ही साधी साधने उपयोगी पडतात. गुळगुळीत टाइल्स, काचेची मोठी खिडकी आणि मोकळ्या भिंती असलेल्या हॉलमध्ये टाळी वाजवून पाहावी. टाळीमागे 'झिंग' असा शेपूट ऐकू आला, तर स्पीकरआधी गालिचा घ्यावा. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा जुना उपाय खर्जाचे काहीही करत नाही, धूळ मात्र साठवतो.

जास्तीच्या पैशांत नेमके मिळते काय?

आजचा बहुतेक प्रत्येक स्पीकर मूळ तत्त्वाने शंभर वर्षे जुना आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला जोडलेला कागदी शंकू यांवर शोधनिबंध मांडला. तीच रचना आजही चालू आहे. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने एआर-१ हा हवाबंद खोक्याचा स्पीकर आणला आणि कपाटाएवढ्या खोक्याशिवायही खोल खर्ज मिळू शकतो हे दाखवले. पुढे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी शंकू आणि खोका यांचे गणित इतके नीट बसवले, की खर्जाचा अंदाज कागदावरच येऊ लागला. ते आकडे आजही 'थील-स्मॉल पॅरामीटर' याच नावाने ओळखले जातात.

जास्तीचे पैसे मुख्यतः तीन गोष्टींत जातात. एक, खोका स्वतः वाजू नये म्हणून. दोन, शंकू आणि घुमट वाकू नये म्हणून. तीन, वूफर आणि ट्वीटर यांच्यातल्या क्रॉसओव्हरसाठी. यांपैकी तिसऱ्याकडे ग्राहकाचे लक्ष सर्वांत कमी जाते, वास्तविक तेच सर्वांत महत्त्वाचे. साध्या दोन युनिटच्या स्पीकरमध्ये ही सांधेजोड बहुधा दोन ते तीन हजार हर्ट्झच्या दरम्यान असते आणि माणसाचा कान नेमका तिथेच सर्वांत तिखट असतो. सांधा ओबडधोबड असेल तर आवाजाला धार येते. पहिल्या दहा मिनिटांत ही धार 'स्पष्टता' वाटते, तासाभराने डोके दुखते.

याशिवाय पैसे लाकडी व्हिनियरला, जाहिरातीला, जहाजभाड्याला, आयात शुल्काला आणि जीएसटीलाही जातात. त्यांचा आवाजाशी संबंध नाही. एका मर्यादेनंतर किंमत दुप्पट झाली म्हणून आवाज दुप्पट चांगला होत नाही. मोठ्या किमतीत बहुतेक वेळा मिळतो तो खोल खर्ज आणि मोठ्या आवाजातही न ढळणारा तोल, आणि लहान हॉलमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी वापरता येत नाहीत.

गाण्यासारखी स्पीकरचीही घराणी असतात का?

असतात, आणि जोडी निवडण्याआधी घराणे ओळखलेले बरे. ब्रिटनमधले सर्वांत प्रतिष्ठित घराणे बीबीसीचे. बाहेरच्या प्रसारणाच्या गाडीत बसून निवेदकाचा आवाज तपासायला छोटा, विश्वासू स्पीकर हवा म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात एलएस३/५ए तयार केला. बुटाच्या खोक्याहून जरासा मोठा, आतून केईएफ कंपनीची युनिट. बीबीसीने परवाने दिले आणि रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा अनेक कंपन्यांनी तो बनवला. माणसाचा आवाज माणसासारखा लागावा हा या घराण्याचा ध्यास. खोका जाडजूड न करता पातळ फळ्यांना आतून ओलसर डांबरी थर लावल्यासारखे 'शांत' करायचे आणि खोक्याचा अनुनाद कानाला न टोचणाऱ्या खालच्या पट्टीत ढकलायचा, ही त्यांची युक्ती. बीबीसीतून निवृत्त झालेले डडली हारवूड यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली हार्बेथ कंपनी आजही याच वाटेने चालते. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत आणि भावगीत ऐकणाऱ्या घरात हे स्पीकर लगेच आपलेसे होतात. मात्र ते मोठ्या आवाजाचे गडी नव्हेत. ढोल-ताशा ऐकायचा असेल तर दुसरे दार ठोठवावे.

केईएफचे स्वतःचे घराणे वेगळे. रेमंड कुक यांनी १९६१ मध्ये केंट परगण्यात ही कंपनी काढली. १९८८ मध्ये त्यांनी 'युनि-क्यू' आणले. यात ट्वीटर वूफरच्या बरोबर मध्यभागी बसवलेला असतो, त्यामुळे सगळे सूर एकाच बिंदूतून येतात आणि सोफ्यावर तिघे बसले तरी कडेच्या दोघांना फारसे वेगळे ऐकू येत नाही. कंपनीच्या पन्नाशीनिमित्त २०१२ मध्ये आलेला एलएस५० आणि २०२० मधला त्याचा एलएस५० मेटा हा अवतार याच पद्धतीचे. मेटाची जोडी अमेरिकेत १४९९ डॉलरला आली, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १ लाख ११ हजार रुपये. हा स्पीकर सव्वापाच इंची आहे आणि कंपनीच्याच आकड्यांनुसार ७९ हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज उतरू लागतो. हे ऐकून नाक मुरडण्याआधी एक हिशेब करावा. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झ, त्याचा खर्जातला षड्ज ६९ हर्ट्झ. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज २०८ हर्ट्झ. म्हणजे कंठसंगीतासाठी ४० हर्ट्झपर्यंत जाणारा स्पीकर पुरून उरतो, आणि भिंतीच्या आधाराने छोटा स्पीकरही बरेच अंतर कापतो. पियानोचा सर्वांत खालचा सूर साडेसत्तावीस हर्ट्झचा, तेव्हा पाश्चात्त्य सिंफनी, चर्चमधला ऑर्गन किंवा चित्रपटातले स्फोट यांच्यासाठी मोठी यंत्रणा लागते. आपण वर्षभरात यांतले काय किती ऐकतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तिसरे घराणे हॉर्नचे. पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये क्लिप्शहॉर्न बाजारात आणला आणि तो अजूनही बनतो. कर्ण्याच्या आकारामुळे तो एका वॉटवर १०५ डेसिबल आवाज देतो असे कंपनी सांगते. साध्या छोट्या स्पीकरचा हा आकडा ८५ च्या आसपास असतो. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट ताकद! पण क्लिप्शहॉर्न खोलीच्या कोपऱ्यालाच आपल्या कर्ण्याचा भाग बनवतो. त्याला दोन मोकळे, भक्कम कोपरे लागतात आणि आपल्या हॉलचा एक कोपरा दाराने, दुसरा फ्रिजने किंवा देव्हाऱ्याने अडवलेला असतो.

चौथे घराणे पडद्यांचे. ब्रिटनच्या पीटर वॉकर यांचा १९५७ मधला क्वॉड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आजही दंतकथेसारखा सांगितला जातो. त्यात शंकू नाही, खोका नाही. हजारो व्होल्टचा भार असलेला पातळ प्लॅस्टिकचा पडदा हलतो. आवाज इतका मोकळा, की समोर यंत्र आहे हे विसरायला होते. पण पडदा पुढे वाजतो तितकाच मागेही वाजतो, त्यामुळे मागे निदान तीन फूट मोकळी जागा लागते. धूळ आणि दमट हवा हे या स्पीकरचे वैरी, आणि कोकण किनारपट्टीवर दोन्हींचा तुटवडा नाही. पुण्यातल्या केडन्स कंपनीने मात्र याच तत्त्वाचे संकरित स्पीकर बनवून दाखवले. कोलकात्याची सोनोडाइन आणि कोचीची रेथम ही या क्षेत्रातली आणखी दोन भारतीय नावे. आयातीचा बोजा वाचत असल्याने ती यादीत असायलाच हवीत.

कानांवर विश्वास ठेवावा का?

ठेवावा, पण डोळे मिटून. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर अमेरिकेतील हरमन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी कित्येक वर्षे एकच प्रश्न धरून ठेवला : लोकांना कोणता स्पीकर खरोखर आवडतो? सहकारी शॉन ऑलिव्ह यांच्यासह त्यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या निबंधात ४० श्रोत्यांना चार स्पीकर दोनदा ऐकवले होते. एकदा समोर दिसत असताना, एकदा पडद्याआड. दिसत असताना श्रोत्यांनी आकार, रूप आणि नाव यांनाही गुण दिले. इतकेच नव्हे, स्पीकरची जागा बदलल्याने किंवा गाणे बदलल्याने पडणारा फरकही त्यांना कमी जाणवला. पडद्याआड मात्र कौल बदलला. हे श्रोते त्याच कंपनीचे कर्मचारी होते, त्यांना यातले कळत नव्हते असे म्हणायची सोय नाही.

पुढच्या अनेक प्रयोगांत आणखी एक दिलासा देणारी गोष्ट दिसली. स्पीकर दिसत नसेल तर जाणकार आणि सामान्य श्रोते यांची पसंती बहुतांशी एकच निघते. जाणकार फक्त जास्त कडक गुण देतात आणि आपल्या मताशी जास्त ठाम राहतात. समोरून सगळे सूर समान पातळीवर देणारा आणि कडेलाही तोल न बिघडवता हळूहळू मावळणारा स्पीकर लोकांना आवडतो. कडेचे महत्त्व असे, की भिंतींवरून परतून येणारा आवाज तोच असतो. स्पीकर भोवताली फिरवून ही मोजमापे घेण्याची पद्धत 'स्पिनोरामा' नावाने रूढ झाली आणि अमेरिकेत तिचे उद्योग-प्रमाणही ठरले. हरमन स्वतः जेबीएल आणि रेव्हेल हे स्पीकर विकते, हे विसरता कामा नये. पण तिच्या पद्धतीने इतरांनी घेतलेली मोजमापेही आज सहज वाचायला मिळतात आणि 'स्टिरिओफाइल'सारखी मासिके तर कित्येक वर्षे समीक्षेसोबत आलेख छापत आली आहेत. दुकानात जाण्याआधी मोबाइलवर तो आलेख पाहून घ्यावा. रेषा डोंगरदऱ्यांची असेल, तर बक्षिसांची यादी कितीही लांब असो, सावध व्हावे.

दुकानात परीक्षा घ्यायची तर कशी?

पहिली अट, आवाजाची पातळी सारखी हवी. कानाला जरासा मोठा आवाज नेहमी अधिक चांगला वाटतो. एकाच बटणावर ८३ डेसिबलचा स्पीकर आणि ८८ डेसिबलचा स्पीकर लावला, तर दुसरा जिंकणारच. त्यात त्याची गुणवत्ता काहीच नाही. मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपमध्ये आकडा अचूक नसला तरी तुलना करायला ते पुरते. दोन्ही जोड्यांवर 'पिंक नॉइज'चा तोच तुकडा वाजवून, त्याच खुर्चीत बसून, आकडा जुळवून घ्यावा. विक्रेत्याने कपाळाला आठ्या घातल्या तरी हरकत नाही. लाख रुपये त्याच्या खिशातून जाणार नाहीत.

दुसरी अट थोडी विचित्र वाटेल : दोन्ही नको, एकच स्पीकर वाजवायला सांगावे. टूल यांच्या प्रयोगांत हेही स्पष्ट झाले, की स्टिरिओचा भव्य देखावा दोष झाकतो आणि एकटा स्पीकर ते उघडे पाडतो. एकट्याने तोल राखला तर जोडी राखणारच.

गाणी घरून न्यावीत. विक्रेत्याची रेकॉर्ड त्या स्पीकरवर छान वाजते म्हणूनच त्याने ती निवडलेली असते. पाठ असलेले पुरुष गायकाचे एक, गायिकेचे एक, निव्वळ तानपुऱ्याचे पाच मिनिटांचे एक, आणि तबल्याचा एकल तुकडा. तानपुऱ्यात जवारीमुळे उमटणारी स्वरांची झालर सलग ऐकू यायला हवी. ती तुटक किंवा काचेसारखी वाटली तर क्रॉसओव्हरचा सांधा कच्चा समजावा. तबल्यात चाटीचा 'ना' आणि डग्ग्याचा 'घे' एकाच वादकाचे वाटायला हवेत. याबरोबर एक जुने, खरखरीचे रेकॉर्डिंगही जरूर न्यावे. मराठी रसिकाच्या संग्रहातला मोठा भाग जुन्या मैफलींच्या ध्वनिफिती, आकाशवाणीची ध्वनिमुद्रणे आणि तबकड्या यांचा असतो, बराचसा मोनो. वरच्या सुरांवर भर देणारा 'चमचमीत' स्पीकर नव्या रेकॉर्डवर मोहवतो आणि कुमार गंधर्वांच्या एखाद्या जुन्या खासगी मैफलीत फक्त फितीची सूं-सूं ऐकवतो. ज्याचा जीव त्या फितींत अडकला आहे, त्याच्यासाठी ही चूक सर्वांत महाग.

किमान एक तास बसावे. शिवाय आवाज घरी ठेवतो तितकाच हळू ठेवून ऐकावा. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते, आणि दुकानात मात्र सगळे जोरात वाजते. ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे. नियम बाजूला ठेवला, तरी खर्ज स्लॅबमधून थेट खालच्या मजल्यावर उतरतो आणि सोसायटीच्या सभेत पुन्हा वर येतो.

साठीच्या ग्राहकाने ट्वीटर २८ हजार हर्ट्झपर्यंत जातो की ४० हजार, याची काळजी सोडून द्यावी. त्या वयात अनेकांना बारा हजारांच्या पुढचे फारसे ऐकू येत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर आणि वायर यांत किती घालावे?

समजुतीपेक्षा कमी. ८६ डेसिबलचे दोन स्पीकर एका वॉटवर आपल्या हॉलमधल्या सोफ्यापर्यंत साधारण ८२ डेसिबल पोहोचवतात. निवांत ऐकण्याची सरासरी ७५ धरली तर पाव वॉटही लागत नाही. अचानक येणारे टोक सरासरीच्या वीस डेसिबल वर गेले तरी वीस वॉटमध्ये भागते. पन्नास वॉटचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर पुरतो, मात्र तो चार ओहमच्या भाराला न दमणारा हवा, कारण 'आठ ओहम' लिहिलेले अनेक स्पीकर मधल्या सुरांत साडेतीनपर्यंत उतरतात. वायरीबद्दल बोलायचे तर इलेक्ट्रिशियन घरात घालतो ती तांब्याची अडीच एमएमची वायर पाच मीटरला पुरेशी आहे. तिचा जाऊन-येऊन विरोध ओहमच्या शंभराव्या हिश्श्यांतच मोजावा लागतो. दहा-वीस हजारांच्या केबलचे पैसे गालिच्यात घालावेत.

अमेरिकेतल्या मुलाकडून मागवले तर?

साधा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर बाहेर असलेला स्पीकर जगात कुठेही चालतो, त्याला व्होल्टेजचा प्रश्नच नाही. पण अ‍ॅम्प्लिफायर पोटात असलेले अ‍ॅक्टिव्ह आणि वायरलेस स्पीकर तिकडच्या १२० व्होल्टसाठीच बनवलेले असू शकतात. इकडे २३० व्होल्टला लावले की पहिल्याच दिवशी धूर. मागच्या बाजूला '१००-२४० व्होल्ट' लिहिले आहे का, हे विमानात चढण्याआधी पाहावे. हमी बहुधा ज्या देशात खरेदी केली तिथलीच लागू असते आणि ट्वीटर गेला तर सुटा भाग मागवण्यात महिने जातात. ट्वीटर जाण्याचे घरगुती कारण तसे एकच : नातवाचे बोट. पुढे जाळी असलेला स्पीकर अशा घरात निम्मी काळजी मिटवतो.

जुना स्पीकर घेणाऱ्याने शंकूच्या कडेची पट्टी बोटाने हलकेच दाबून पाहावी. फोमची पट्टी दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत भुगा होते, रबराची टिकते.

मग आपल्या हॉलसाठी काय?

दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये, मुख्यतः कंठसंगीत आणि वाद्यसंगीत ऐकणाऱ्या घराला उभ्या, मोठ्या टॉवर स्पीकरपेक्षा स्टँडवर ठेवायचा पाच-सहा इंची स्पीकर बहुतेक वेळा बरा पडतो. टॉवर तेवढ्याच किमतीत खर्ज जास्त देतो, पण तो नेमका ५५ ते ६० हर्ट्झच्या डबक्यात ओततो. खर्ज पुढे कमी वाटलाच, तर छोटा हवाबंद सबवूफर जोडता येतो आणि त्याची जागा स्पीकरच्या जागेपासून स्वतंत्र ठरवता येते. जागा शोधण्याची युक्ती हास्यास्पद दिसते पण लागू पडते : सबवूफर सोफ्यावर ठेवून वाजवायचा आणि आपण जमिनीवर रांगत भिंतीकडेने फिरायचे. खर्ज जिथे सर्वांत एकसारखा लागेल तिथे सबवूफर ठेवायचा. हे काम घरात पाहुणे नसताना करावे.

अ‍ॅक्टिव्ह स्पीकरचा पर्याय तरुण घरांना सोयीचा आहे. अ‍ॅम्प्लिफायर आत, वायरींचे जंजाळ नाही, आणि काही मॉडेल मायक्रोफोनने खोली मोजून ५६ हर्ट्झचा फुगवटा स्वतःच दाबतात. फिनलंडच्या जेनेलेकसारख्या स्टुडिओवाल्या कंपन्यांनी हे तंत्र बरेच पुढे नेले आहे. अडचण आयुष्याची आहे. साधा स्पीकर चाळीस वर्षे वाजतो, १९७० च्या दशकातले एलएस३/५ए आजही विकले जातात. वायरलेस स्पीकरचे ॲप कंपनीने दहाव्या वर्षी बंद केले तर हातात सुंदर खोका उरेल. ज्याला एकदाच खरेदी करायची आहे, त्याने हे तोलून पाहावे. अ‍ॅक्टिव्हच घ्यायचा, तर मागे साधी इनपुट पिन असलेलाच घ्यावा, म्हणजे ॲप गेले तरी सीडी प्लेअर जोडता येईल.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला शेवटची एक विनंती करावी : जोडी दोन दिवस घरी लावून ऐकू द्या. काही दुकाने अनामत रक्कम घेऊन तयार होतात. तयार न होणाऱ्याला निदान हॉलची मापे, सोफ्याची आणि खिडकीची जागा कागदावर काढून दाखवावी. तो कागद पाहून जो प्रश्न विचारतो त्याच्याकडून घ्यावे. जो न पाहताच सर्वांत मोठ्या स्पीकरकडे बोट दाखवतो, त्याच्याकडचा चहा पिऊन निघावे.